सेन्सर मूळचेच, ईसीयू नवा

माझदाने १९८९ साली एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या छताची छोटी गाडी बाजारात आणली. तिच्या १.६ लिटर इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे कारखान्यातून आलेला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. त्याच्या आतले तक्ते त्या इंजिनाच्या मूळ रूपासाठी बांधलेले असतात. इंजिनावर टर्बो चढवला किंवा मोठे इंजेक्टर बसवले, की हे तक्ते निरुपयोगी होतात, आणि ते बदलण्याची सोय मालकाच्या हाती नसते. अशा वेळी मूळ ईसीयू काढून त्याजागी सगळे तक्ते लॅपटॉपवरून बदलता येतील असा नवा ईसीयू बसवतात. हॉलटेक, मोटेक, लिंक या कंपन्या असे ईसीयू विकतात. २००१च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो या दोघा अमेरिकनांनी मेगास्क्वर्ट नावाचा, घरी सोल्डर करून जोडता येणारा ईसीयू पुढे आणला आणि ही गोष्ट सामान्य हौशी माणसाच्या खिशाला परवडू लागली. पुढे आर्डुइनो मेगा २५६० या स्वस्त बोर्डावर चालणारा स्पीडुइनोही आला. नवा ईसीयू हातात पडला की पहिला प्रश्न उभा राहतो तो सेन्सरांचा. इंजिनावर कारखान्याने बसवलेले सेन्सर तसेच ठेवायचे, की नव्या ईसीयूबरोबर मिळणारा सेन्सरांचा संच घ्यायचा?

या प्रश्नाला गॅरेजमध्ये बहुधा दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक म्हणजे सगळे नवे घ्या, कटकट मिटेल. दुसरे म्हणजे सेन्सर तो सेन्सर, जुनी वायर नव्या ईसीयूला जोडा आणि गाडी चालू करा. मला दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात, आणि दोन्हींतली चूक एकच आहे. सेन्सर म्हणजे फक्त इंजिनात घुसवलेला धातूचा तुकडा, असे दोघेही गृहीत धरतात. वास्तविक सेन्सर अर्धाच इंजिनावर असतो. उरलेला अर्धा मूळ ईसीयूच्या आत असतो. तिथले सर्किट सेन्सरच्या विद्युत्-गुणधर्माचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करते आणि तिथला तक्ता त्या व्होल्टेजला अर्थ देतो. मूळ ईसीयू काढला की हा दुसरा अर्धा भाग हातातून जातो. तो नव्याने उभा करता येतो. त्याला थोडी मेहनत लागते, पण ती केली तर पहिला अर्धा भाग फेकून देण्याचे कारण क्वचितच उरते.

आधी त्या पहिल्या अर्ध्या भागाची बाजू मांडतो, कारण त्याची किंमत सहसा कमी लेखली जाते. गाडीतल्या विजेच्या उपकरणांनी काय काय सोसायला हवे, हे आज आयएसओ १६७५० या मानकात लिहिलेले आहे: कडाक्याची थंडी, इंजिनाची धग, सततचे हादरे, पाणी, मीठ, तेल. कारखान्याचा सेन्सर अशा चाचण्या पार करून येतो. त्याचा कपलर सीलबंद असतो आणि वायरीची लांबीही ठरवून दिलेली असते. पण त्याहून मोलाची असते त्याची जागा. कूलंटचा सेन्सर नेमका कुठे बसवला म्हणजे सिलिंडर हेडमधून येणाऱ्या पाण्याचे खरे तापमान कळेल, याचा विचार इंजिन घडवणाऱ्यांनी ओतकामाच्या वेळीच केलेला असतो. क्रँकचे दातेरी चाक क्रँकशाफ्टशी समकेंद्री असते आणि त्यापुढचा सेन्सर ब्लॉकच्या जाड भिंतीत पक्का बसलेला असतो. बाजारातले नवे चाक पुलीला बोल्टने जोडून पत्र्याच्या ब्रॅकेटवर सेन्सर लावला, तर विशिष्ट वेगाला ते ब्रॅकेट थरथरते. सेन्सर आणि दाता यांतले अंतर कमीजास्त होते आणि ईसीयूला मध्येच एखादा दाता दिसत नाही. सेन्सर कितीही महागडा असला तरी अशा ब्रॅकेटवर तो वाया जातो. शिवाय नव्या संचातला तापमानाचा सेन्सर पुष्कळदा जनरल मोटर्सच्या किंवा बॉशच्या जुन्या, परिचित नमुन्याचाच असतो. म्हणजे एका कारखान्याचा सेन्सर काढून दुसऱ्या कारखान्याचा सेन्सर बसवण्यासाठी आपण पैसे देतो.

आता दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळू. तापमानाचा सेन्सर हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. त्याच्या आत थर्मिस्टर असतो, म्हणजे तापला की ज्याचा विरोध घटतो असा मण्याएवढा अर्धवाहक. ईसीयू आपल्या पाच व्होल्टच्या पुरवठ्यातून एका ठरावीक रोधामार्फत, ज्याला पुल-अप रेझिस्टर म्हणतात, त्याला वीज देतो आणि मधल्या बिंदूवरचे व्होल्टेज वाचतो. बॉशच्या प्रचलित सेन्सरचा विरोध २० अंश सेल्सिअसला २५०० ओहम असतो आणि ८० अंशांना सुमारे ३२३ ओहम. मेगास्क्वर्टमध्ये पुल-अप २४९० ओहमचा आहे. तेव्हा २० अंशांना जवळजवळ अडीच व्होल्ट दिसतात आणि ८० अंशांना ०.५७ व्होल्ट. समजा, दुसऱ्या एखाद्या ईसीयूत पुल-अप १००० ओहमचा आहे आणि तक्ता मात्र २४९० धरून भरला आहे. ८० अंशांच्या कूलंटला तिथे १.२२ व्होल्ट येतील आणि ईसीयू त्याचा अर्थ लावेल सुमारे ५१ अंश. इंजिन अजून गार आहे असे समजून तो पेट्रोल जास्त ओतत राहील. त्याहून घातक म्हणजे, रेडिएटरचा पंखा ९५ अंशांना सुरू करायचा असेल तर तो वेळेवर सुरू होणारच नाही. यात सेन्सरचा काहीच दोष नाही. त्याने आपला विरोध अचूक दाखवला आहे. अर्थ लावणाऱ्याच्या हाती चुकीचा शब्दकोश पडला, एवढेच.

याहून फसवी चूक दोन सेन्सरांची सरमिसळ झाल्यावर होते. बॉश आणि जनरल मोटर्स या दोघांच्या थर्मिस्टरांचे वक्र गरम टोकाला जवळजवळ एकमेकांवर बसतात. ८० अंशांना जनरल मोटर्सचा सेन्सर ३३२ ओहम दाखवतो, म्हणजे बॉशपेक्षा फक्त नऊ ओहमचा फरक. थंडीत मात्र ते एकमेकांपासून दूर जातात. उणे १० अंशांना बॉशचा विरोध सुमारे ९४०० ओहम असतो, तर जनरल मोटर्सचा १६,००० ओहमच्या वर. नव्या ईसीयूत आयता मिळणारा जनरल मोटर्सचा तक्ता ठेवून सेन्सर बॉशचा जोडला, तर गरम इंजिनावर सगळे ठीक दिसेल. ट्यूनर समाधानाने लॅपटॉप बंद करेल. पण उणे १० अंशांच्या पहाटे ईसीयूला बाहेर शून्य अंश आहे असे वाटेल, थंडीतले जादा पेट्रोल कमी पडेल आणि गाडी सुरू व्हायला कुरकुर करेल. दोष मग बॅटरीला, प्लगला, इंजेक्टरला दिला जाईल. ‘जोडून पाहिले, चालते आहे’ हा निकष मला म्हणूनच पुरेसा वाटत नाही. सेन्सरची चूक बहुतेक वेळा ज्या तापमानाला आपण तपासत नाही तिथेच दबा धरून बसलेली असते.

यावर आक्षेप असा येतो की माहीत असलेल्या वक्राचा नवा सेन्सर घेतला तर हा सगळा खटाटोप वाचतो. वेळेची किंमत धरली तर हा मुद्दा खोटा नाही. पण खटाटोप म्हणतात तो केवढा? जॉन स्टाइनहार्ट आणि स्टॅनली हार्ट यांनी १९६८ साली समुद्राच्या पाण्याचे तापमान मोजण्याच्या कामातून थर्मिस्टरचे एक समीकरण मांडले. तीन वेगवेगळ्या तापमानांना विरोध मोजला की त्या समीकरणाचे तीन स्थिरांक मिळतात आणि पूर्ण वक्र हाती येतो. नव्या ईसीयूंच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तीन आकडे भरायची सोय बहुधा असतेच. वितळता बर्फ, खोलीतले पाणी आणि उकळते पाणी, सोबत एक मल्टिमीटर आणि चांगला थर्मामीटर, एवढ्यावर काम भागते. फक्त उकळत्या पाण्याला डोळे झाकून १०० अंश म्हणू नये. समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते आणि महाबळेश्वरला साधारण साडेपंच्याण्णव अंशांना. एवढे केल्यावर जो तक्ता मिळतो, तो कुठल्याही विक्रेत्याच्या छापील कागदापेक्षा विश्वासार्ह असतो, कारण तो नेमक्या त्याच सेन्सरचा असतो. नवा सेन्सर घेतला तरी हीच परीक्षा घ्यावी, असे मी म्हणेन. पाकिटावर लिहिलेला वक्र आणि आतला मणी यांचे जमतेच असे नाही.

मूळ ईसीयू पूर्णपणे न काढता तो एसी, डॅशबोर्ड आणि इतर कामांसाठी जागेवर ठेवण्याचीही पद्धत आहे. नवा ईसीयू इंजिन चालवतो, जुना बाकीचा संसार सांभाळतो, आणि सेन्सर दोघांना सामायिक राहतो. इथे हिशेब न करता वायर जोडली की काय होते, ते साध्या भागाकाराने कळते. दोन्ही ईसीयूंचे पुल-अप २४९० ओहमचे धरले, तर एकाच सेन्सरवर ते समांतर येऊन १२४५ ओहमचे होतात. २० अंशांच्या बॉश सेन्सरवर अडीचऐवजी ३.३४ व्होल्ट दिसतात. प्रत्येक ईसीयूला वाटते की विरोध ५००० ओहम आहे, म्हणजे तापमान सुमारे ४ अंश. दोघेही एकाच वेळी, एकाच बाजूला चुकतात. म्हणून तापमानाचा सेन्सर वाटून घ्यायचा असेल तर नव्या ईसीयूतला पुल-अप काढावा लागतो आणि तक्ता जुन्याच्या पुल-अपवर बेतावा लागतो. थ्रॉटलच्या सेन्सरचे तसे नाही. तो स्वतःच व्होल्टेज देतो, ऐकणारा दुसरा ईसीयू त्यातून नगण्य वीज घेतो, त्यामुळे सिग्नल वाटून घेता येतो. अट एकच, सेन्सरची ग्राउंड वायर इंजेक्टर आणि कॉइल यांच्या ग्राउंडपासून वेगळी, थेट ईसीयूपर्यंत गेलेली हवी. जास्त करंटच्या वाटेत सेन्सरचे ग्राउंड अडकले की त्या वाटेवर पडणारे व्होल्टेज प्रत्येक वाचनात मिसळते.

क्रँकच्या सेन्सरचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिथे व्होल्टेजपेक्षा वेळ महत्त्वाची. ६००० आरपीएमला क्रँक एक अंश फिरायला २८ मायक्रोसेकंद लागतात. बॉशच्या पद्धतीत क्रँकवर ६० दात्यांपैकी २ गाळलेले चाक असते. गाळलेल्या जागेवरून ईसीयूला फेरीची सुरुवात समजते आणि पुढचा प्रत्येक दाता ६ अंशांचा हिशेब देतो. यातला सेन्सर लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांचा असेल, तर त्याच्या दोन वायरींची दिशा निर्णायक ठरते. एका दिशेने दाता सेन्सरच्या बरोबर समोर आल्यावर सिग्नल झपकन शून्याला छेदतो. वायरी उलट जोडल्या, की ईसीयू ज्या दिशेच्या छेदाची वाट पाहतो तो दोन दात्यांच्या मधल्या खाचेत पडतो. गाळलेल्या दात्यांजवळ तर तो भलत्याच ठिकाणी सरकतो. गाडी सुरू होते, आयडलवर चालतेही. पण वेग वाढला की टायमिंग घसरते, आणि टायमिंग चुकलेल्या इंजिनाचा पिस्टन जळतो. उपाय जुना आणि खात्रीचा आहे. ईसीयूमध्ये टायमिंग १० अंशांवर गोठवून ठेवायचे आणि टायमिंग लाइटने पुली पाहायची. आयडलला १० अंश दिसले आणि वेग वाढवल्यावरही तिथेच राहिले, तर मूळ सेन्सर नव्या ईसीयूशी खरे बोलतो आहे.

एमएक्स-५च्या १.६ लिटर इंजिनात मात्र क्रँकवर असे दातेरी चाक नाही. तिथे कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला खाचांच्या चकतीचा सेन्सर आहे, आणि त्यातून क्रँकच्या दर १८० अंशांना एकच खूण मिळते. मूळ सेन्सर ठेवण्याच्या माझ्या मताची ही खरी कसोटी आहे. दोन खुणांमधल्या काळात इंजिनाचा वेग स्थिर आहे असे धरून ईसीयूला ठिणगीची वेळ आधीच ठरवावी लागते. ६००० आरपीएमला हा काळ ५ मिलिसेकंदांचा असतो, तेवढ्यात वेग फारसा बदलत नाही, त्यामुळे अंदाज खरा ठरतो. स्टार्टरवर इंजिन २०० आरपीएमने फिरत असताना मात्र तोच काळ १५० मिलिसेकंदांचा होतो, आणि त्या दरम्यान पिस्टन दाब चढताना मंदावतो, उतरताना धावतो. शिवाय कॅमपर्यंत हालचाल टायमिंग बेल्टमधून येते, त्याचा थोडा सैलपणाही मिसळतो. तरीही हे लक्षात ठेवायला हवे की कारखान्याचा ईसीयू याच खुणांवर इंजिन व्यवस्थित चालवत होता आणि नव्या ईसीयूंमध्येही हा नमुना वाचायची सोय असते. साध्या इंजिनाला तेवढे पुरते. टर्बोचा दाब वाढवत नेऊन टायमिंगच्या अंशा-अंशाचा हिशेब करायचा असेल, तेव्हा क्रँकवर दातेरी चाक बसवण्याचा खर्च सार्थकी लागतो. त्यामागचे कारण सेन्सर जुना झाला हे नसते. आपण विचारलेला प्रश्न अधिक बारीक झालेला असतो.

सेन्सर आपल्या प्रश्नाला उत्तर देऊ शकतो का, ही कसोटी लावली, की कोणते सेन्सर खरोखर काढायला हवेत तेही सरळ दिसू लागते. याच गाडीतल्या थ्रॉटलवर, गिअर हाताने बदलायचे असतील तर, फक्त स्विच आहे: पाय पूर्ण वर, किंवा पूर्ण खाली. मधली स्थिती त्याला सांगताच येत नाही. पेडल किती झपाट्याने दाबले यावर जादा पेट्रोल देणाऱ्या ईसीयूला हे अपुरे पडते, तेव्हा तिथे सरकता व्होल्टेज देणारा सेन्सर हवाच. हवा मोजणारा मूळ मीटर पाळीचा आहे. आत येणारी हवा पाळी ढकलते आणि ती किती उघडली त्यावरून हवेचा अंदाज येतो. हा मीटर हवेच्या वाटेत अडथळाही आणतो, म्हणून नवा ईसीयू बसवणारे तो काढतात आणि मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा हिशेब करतात. पण त्या एका डब्यात तीन कामे दडलेली आहेत, आणि ती न ओळखणाऱ्याची गाडी उभी राहते. आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा थर्मिस्टर त्याच डब्यात आहे. पेट्रोल पंपाचा एक संपर्कही तिथेच आहे. पाळी हलली, म्हणजे इंजिन हवा ओढते आहे, तरच पंप चालू राहतो. डबा काढला की हवेच्या तापमानाचा नवा सेन्सर बसवावा लागतो, तोही टर्बो असेल तर इंटरकूलरच्या पुढे, जिथे हवा खरोखर इंजिनात शिरते. आणि पंपाचा ताबा नव्या ईसीयूकडे द्यावा लागतो.

दाबाच्या सेन्सरबाबत धोका त्याच्या मर्यादेत असतो. साध्या इंजिनासाठी बनवलेला सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंत, म्हणजे १०० किलोपास्कलच्या थोडे वरपर्यंतच मोजतो. टर्बोने दाब १५० केला तरी तो आपल्या कमाल आकड्यावरच थांबतो, ईसीयू तेवढ्यापुरतेच पेट्रोल देतो, आणि भर वेगात मिश्रण धोका होईल इतके लीन होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. इथे मी बदलाच्याच बाजूने आहे. नव्या सेन्सरचा तक्ता बरोबर आहे की नाही, याची पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवली की फुकटात होते. मुंबईत १०१ च्या आसपास, पुण्यात ९५ च्या, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास किलोपास्कल दिसायला हवेत. ऑक्सिजन सेन्सरचेही तसेच. मूळ नॅरोबँड सेन्सर एक व्होल्टपर्यंतच्या सिग्नलमधून एवढेच सांगतो की मिश्रण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सांभाळणाऱ्या कारखान्याला तेवढेच हवे होते. पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण साडेबाराला आहे की साडेअकराला, हे ट्यूनरला कळायला हवे. त्यासाठी बॉशच्या एलएसयू ४.९ सारखा वाइडबँड सेन्सर आणि त्याचा स्वतंत्र कंट्रोलर लागतो.

वयाचा आक्षेप उरतो. तीस-पस्तीस वर्षे इंजिनाच्या धगीत राहिलेल्या सेन्सरवर भरवसा का ठेवायचा? याचे उत्तर सरसकट देता येत नाही. थर्मिस्टर आणि चुंबक-वेटोळे यांत झिजणारे काही नाही. त्यांच्या आधी वायरीचे आवरण तडकते आणि कपलरच्या पिना गंजतात. थ्रॉटलचा सेन्सर मात्र घासणाऱ्या संपर्कावर चालतो, आणि रोजच्या वापरात पाय जिथे असतो त्याच पट्ट्यात तो झिजतो. पेडल सावकाश दाबत व्होल्टेज पाहिले तर ती झीज उड्यांच्या रूपात दिसते. ऑक्सिजन सेन्सर तर मुळातच काही काळाने बदलायची वस्तू आहे. म्हणून आधी तपासावे आणि जो नापास होईल तो बदलावा, शक्यतो त्याच पार्ट नंबरचा. तसे केले की मोजून काढलेला तक्ता थोड्या फेरतपासणीवर पुन्हा कामी येतो.

भारतात या सगळ्याला कायद्याची चौकट आहे, आणि ती मला योग्य वाटते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत गाडीत उत्पादकाच्या मूळ वर्णनाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांत धुराचा हिशेब मूळ ईसीयू आणि त्याचे सेन्सर मिळूनच ठेवतात. रस्त्यावरच्या रोजच्या गाडीचा ईसीयू बदलणे म्हणजे तो हिशेब मोडणे. आपल्याकडे या विद्येची खरी जागा शर्यतीच्या मैदानावर आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांमध्ये आहे.

या स्पर्धांमध्ये पुण्याजवळच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार झालेले केटीएम ३९०चे ३७३ सीसी, एका सिलिंडरचे इंजिन विद्यार्थ्यांच्या आवडीचे आहे. स्पर्धेच्या नियमानुसार पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच रिस्ट्रिक्टरमधून घ्यावी लागते, त्यामुळे मोटरसायकलसाठी बांधलेले पेट्रोलचे तक्ते जुळत नाहीत आणि नवा ईसीयू बसवावा लागतो. क्रँक कुठे आहे आणि कूलंट किती तापले आहे, हे दोन प्रश्न रिस्ट्रिक्टरने बदलत नाहीत, तेव्हा ते सेन्सर आणि त्यांच्या जागा तशाच ठेवता येतात. मॅनिफोल्डच्या दाबाचे मात्र तसे नाही. एकाच सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांतून एकदाच हवा ओढली जाते, दाब सतत वरखाली उसळतो, आणि क्रँकच्या ठरावीक कोनालाच तो वाचला नाही तर आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणून बरेच संघ थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम यांवर पेट्रोल ठरवतात. मग सगळा भार थ्रॉटलच्या त्या छोट्या सेन्सरवर येतो. रिस्ट्रिक्टरमुळे थ्रॉटल थोडासा उघडतानाच हवेत मोठा बदल होतो आणि पुढे जवळजवळ काहीच होत नाही, म्हणून तक्त्यातल्या ओळी कमी कोनांना दाट ठेवाव्या लागतात आणि वरच्या कोनांना विरळ. आणि थ्रॉटल बॉडी बदलली, केबल नुसती ताणून घेतली, तरी बंद आणि पूर्ण उघड्या स्थितीची दोन्ही व्होल्टेज पुन्हा नोंदवूनच इंजिनाला स्टार्टर मारायचा असतो.